आग्नेसबाय, त्या चुका कुणाच्या होत्या?

आग्नेसबाय,

तू जाऊन महिना झाला म्हणून काल चर्चमध्ये तुझी मिसा झाली. मी मागच्या बाकावर बसले होते. एरवी कधी उठायचं, कधी गुडघ्यावर यायचं हे तू मला कोपराने ढोसून सांगायचीस. काल कोपर नव्हतं, त्यामुळे सगळे उभे राहिले तेव्हा मी बसलेलीच होते आणि सगळे बसले तेव्हा मी उभी. पाद्रीबाब तुझ्याबद्दल चांगलं बोलले. कष्टाळू, शांत, देवभीरू. मी मनात म्हटलं, शांत? हिच्याशी दोन वर्षं भांडतेय मी, मला विचारा.

ते भांडण तू अर्धवट टाकून गेलीस, म्हणून हे लिहितेय.

मी रिसॉर्टवर लागले ते दोन हजार चार साली. आचऱ्याच्या रस्त्याला, समुद्राकडे उतरणाऱ्या कातळाच्या सड्यावर ते नुकतंच उघडलं होतं आणि आमच्या देवबागच्या बायका त्याला 'वरचा हॉटेल' म्हणायच्या. मी बारावी झालेली, दोन पोरांची आई, नवरा होडीवर. रिसेप्शनवर घेतलं मला. पहिला पगार हातात आला तेव्हा ओरोसला कलेक्टर कचेरीत असलेल्या माझ्या दिराचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, कारण त्याच्या पगारापेक्षा तो जास्त होता. सासूबाई आयुष्यभर डोक्यावर पाटी घेऊन मासे विकत आलेल्या, त्या शेजारणीला सांगत होत्या, "आमचा सुरेखा आता खुर्चयेर बसून पैसे मिळवता." त्यांना कुठे माहीत, तिथे खुर्ची नव्हतीच. ड्युटीवर बसायचं नाही हा तिथला पहिला नियम.

तू हाउसकीपिंगची मुख्य होतीस. पहिल्या दिवशी मी फोन उचलून घाबरून "खंयसून बोलतास?" असं पाहुण्याला विचारलं आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या सुपरवायझरने भुवया वर केल्या. आत मालवणी बोलायला बंदी होती. तू चादरींची चळत घेऊन तिथून जात होतीस. थांबलीस, आणि जेवणाच्या सुट्टीत मला मागच्या जिन्यावर उभं करून इंग्रजीची पाच-सहा वाक्यं पाठ करून घेतलीस. मी चुकले की म्हणायचीस, "घाबराचा नाय गो. इंग्रजी बोलणारे पण अंगार चादरच घेवन झोपतत."

तुझ्या घरची परिस्थिती हळूहळू कळत गेली. तुझे मिस्टर बेंजामिनभाऊ बेकरीच्या भट्टीपुढे उभे राहून राहून छातीने अधू झालेले, पाव वाटायला सायकलवर बसले तरी धाप लागायची. तुझी पोर रीना तेव्हा शाळेत. घर तुझ्यावर होतं. ते तू कधी रडून सांगितलं नाहीस, बांगडे स्वस्त झाले की महाग झाले असं सांगावं तसं सांगितलंस.

पाहुण्यांना तिथे काय दिसायचं ते मला ठाऊक आहे, मीच त्यांना हसून चावी द्यायचे. समुद्र, सुरूची झाडं, पांढरे पडदे. आम्हाला सकाळची बैठक दिसायची. सगळा स्टाफ रांगेत उभा आणि समोर आमचे मोठे साहेब. ते कधी ओरडले नाहीत, बाय. इतक्या हळू आवाजात बोलायचे की पुढे वाकून ऐकावं लागायचं. "हे हॉटेल नाही, हे आपलं घर आहे. आपण एक कुटुंब आहोत," असं म्हणायचे आणि मग विचारायचे, "तर मग, काल कुणाची चूक कुणाला दिसली?"

सांगायलाच लागायचं. जी दुसरीची चूक सांगेल तिच्या नावापुढे फळ्यावर तारा. महिन्याला तारे जास्त त्याला वरचे पैसे. जिची चूक निघाली तिचा तारा पुसला जाई. चार महिन्यांत काय झालं ते तू पाहिलंस. आचऱ्याच्या दोघी जावा, एका चुलीवर जेवणाऱ्या, एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. आम्ही सगळ्या एकमेकींच्या हातांकडे बघत काम करायला लागलो. बसमधून घरी जाताना पूर्वी गाणी म्हणायचो, ती बंद पडली. पगार मात्र वेळेवर, एक तारीख कधी चुकली नाही. बाहेर कुणाला सांगायला जावं तर लोक म्हणायचे, एवढा पगार घेतेस, मग थोडं सोसायला नको?

एका सकाळी साहेबांनी विचारलं आणि रांगेत कोणीच बोलेना, तेव्हा तू पुढे झालीस. स्वच्छ पुस्तकी मराठीत म्हणालीस, "सर, बारा नंबरमध्ये उशीची खोळ उलटी घातली गेली. माझी चूक."

खोळ विद्याने उलटी घातली होती. विद्या सगळ्यात लहान, वीस वर्षांची, आचऱ्याहून यायची. तिने मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी तू परत बोललीस. बाथरूमच्या आरशावर डाग राहिला, माझी चूक. मग रोजच. साहेबांनी विचारायचं आणि तू उत्तर द्यायचंस. साहेबांना रोज एक चूक हवी असायची आणि तू रोज एक पुरवायचीस, त्यामुळे बाकीच्या पोरींना एकमेकींना विकायची गरज उरली नाही. बसमध्ये परत कोणीतरी गुणगुणायला लागलं. पण फळ्यावर तुझं नाव कायम सगळ्यात खाली. तुझ्या हाताखाली शिकलेला एक मुलगा तुझा वरिष्ठ झाला.

मी तुला जिन्यावर गाठलं होतं. "बाय, ह्या सगळा तुझ्या नावार चढता. उद्या हेच तुका दाखवतले."

"चढांदे."

"तुका राग येत नाय?"

"येता तर. पण घरात भयणीची चूक सांगून कोण तारे घेता गो? घर म्हणतंत ना? मग घरासारखा वागाक होया."

आणि हसलीस. तुझं ते हसणं मला त्या दिवशी अजिबात आवडलं नाही. आता ते आठवायला गेले की नीट आठवत नाही, दातांची फट तेवढी दिसते.

खूप दिलंस तू मला. गणपतीत माझी ड्युटीची पाळी तू करायचीस, नाताळात तुझी मी. सव्वीस तारखेला तू नेवऱ्या, दोदोल अशा नाताळच्या गोडाचं ताट घेऊन यायचीस आणि आपण दोघी चादरींच्या खोलीत दार लावून उभ्या-उभ्याच खायचो. माझ्या धाकट्याला कावीळ झाली तेव्हा मला सुट्टी मिळाली नाही. तू तुझी आठवड्याची सुट्टी देवबागला येऊन त्याच्या उशाशी काढलीस. सासूबाईंनी तुला पोटभर तिरफळाचा बांगडा वाढला होता. "किरिस्तांव आसा पण जेवता आमच्यासारखा," हे त्यांनी तुझ्याबद्दल केलेलं मोठ्यात मोठं कौतुक.

आणि बांगड्यावरूनच सगळं तुटलं.

तिथे नवा नियम आला होता. ड्युटीच्या दिवशी घरून मासे खाऊन यायचं नाही, अंगाला वास येतो. त्याच हॉटेलच्या जेवणघरात पाहुण्यांसाठी मालवणी माशांचं ताट होतं, पण ते वेगळं. मासळीवर वाढलेल्या आम्ही, आम्हाला डाळभात खाऊन यायला सांगत होते. त्या सकाळी सासूबाईंची पाटी मी उचलून डोक्यावर दिली होती, बस गाठायची घाई, हात साबणाने धुतले आणि निघाले. बैठकीत साहेबांनी तुझ्याकडे हात करून सांगितलं, "आग्नेस, आज तुम्ही नाही. आज दुसरं कोणीतरी." मग विद्या बोलली. "सर, सुरेखामॅडमच्या हाताला मासळीचा वास येतो."

साहेबांनी मला पुढे बोलावलं आणि हात समोर धरायला सांगितले. आणि रांगेतल्या एकेकाला म्हणाले, या, बघा वास घेऊन, उगाच अन्याय नको.

एकेक जण आला, वाकला आणि परत गेला. मी समोरच्या पडद्याकडे बघत होते. तुझी पाळी आली तेव्हा तू वाकली नाहीस. माझे दोन्ही हात तुझ्या दोन्ही हातांत घेतलेस आणि साहेबांना म्हणालीस, "सर, माझ्याही हाताला येतो. काल हिच्याकडेच जेवले मी."

खोटं होतं ते. तू महिनाभर देवबागला आली नव्हतीस.

दुपारी मी कोट आणि नावाचा बिल्ला रिसेप्शनवर ठेवला आणि निघाले. तू माझ्यामागे फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत आलीस. एसटीची वाट बघत आपण जशा भांडलो, तशा मी माझ्या नवऱ्याशीही कधी भांडले नाही.

"चल माझ्यावांगडा," मी म्हटलं. "आताच्या आता. ठेव तो बिल्लो."

"खंय येव?"

"खंय पण. आपण काय तरी करूया. मी घरात दोन खोल्यो काढतंय पावण्यांका. तू जेवण बघ. देवबागेत आता लोक येतत."

"रीनाक नर्सिंगाक घातलंय सुरेखा. बेंजामिनाचा औषध आसा. तुझो घोव होडयेर जाता, माझ्या घरात मीच होडी आणि मीच ती चलवणारो तांडेल."

"मगे असाच मरतलंस काय हयसर?"

मी हे म्हटलं, बाय. रागाने म्हटलं, आणि आज परत म्हणायची वेळ आली तरी म्हणेन, कारण ते खरं होतं. मग म्हणालीस, "मी गेलंय तर त्या चेडवांचा काय? त्या विद्याचा काय? बघितलंस मा तिचा तोंड? ता चेडू तुझ्यापेक्षा जास्त मेला आज."

"तिचा नाव घेव नको माझ्यासमोर."

"घेतलंय. आणि परत परत घेतलंय."

एसटी आली. मी चढले. तू परत फाटकाकडे वळलीस, एकदाही मागे न बघता, कारण दुपारच्या खोल्या व्हायच्या होत्या.

मी सुटले आणि माझे दिवस बरे गेले. दोन खोल्या काढल्या, पाहुणे आले, सासूबाईंच्या हाताला चव, नवरा होडीतून डॉल्फिन दाखवायला लागला. पगाराच्या मानाने चिंचोके मिळायचे सुरुवातीला, पण मी बसून जेवत होते. आणि तुझा नाताळ गेला. तुझी पाळी करणारं तिथे कोणी उरलं नव्हतं. हे तू मला कधी बोलून दाखवलं नाहीस. त्यानंतरही सव्वीसनंतर कधीतरी ताट यायचं, बेंजामिनभाऊंच्या हाती.

आपण भेटायचो. तुझ्या सुट्टीच्या दिवशी तू एसटीने यायचीस, माझ्या पडवीत बसायचीस आणि बसल्या-बसल्या झोपी जायचीस. पाय सुजलेले. रक्तदाबाची गोळी पर्समध्ये आणि फोन हातात, कारण सुट्टीच्या दिवशीही फोन उचलायला लागायचा. कितीदा तरी मी तो तुझ्या हातातून काढून घेतला आणि तू तो परत मागून घेतलास. मी विषय काढला की म्हणायचीस, रीनाचं शिक्षण होवंदे. मी साहेबांना शिव्या घातल्या की म्हणायचीस, "तेका पण वरसून कोणतरी रोज इचारता गो. तेचे पण हात कोणतरी हुंगत आसतलो." मला राग यायचा तुझ्या ह्या दयेचा. ती सगळ्यांना पुरायची, फक्त तुला नाही.

गेल्या नाताळाच्या आधी रीना सुट्टीवर घरी येणार होती. शिक्षणाचं शेवटचं वर्ष. तू पहिल्यांदाच साहेबांकडे नाताळाच्या दिवसाची सुट्टी मागितलीस. त्यांनी ती बैठकीत सगळ्यांसमोर नाकारली. फळ्याकडे बोट दाखवून म्हणाले, ज्यांच्या इतक्या चुका आहेत त्यांनी सुट्टी मागू नये, ते बाकीच्यांवर अन्याय करणारं आहे.

त्या संध्याकाळी तू मला फोन केलास. आवाज असा होता की मी आधी ओळखलाच नाही.

"आज मी सांगलंय तेका. सांगलंय, सर, त्यो चुको माझ्यो नव्हत्यो."

"मगे?"

"तो म्हणालो, मग कुणाच्या होत्या, नावं सांगा."

"आणि?"

"मी काय नावा सांगतलंय? मी रांगेकडे बघलंय. एका पण चेडवान तोंड उघडूक नाय गो."

मी काही बोलायच्या आत तू म्हणालीस, "तेंका बोल लावू नको. मीच तेंका तशी सवय लावलंय." आणि मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याजवळ रडलीस. मी म्हटलं, उद्या ये, आताच्या आता ये, मी नवऱ्याला गाडी घेऊन पाठवते. तू म्हणालीस, लग्नाचं मोठं वऱ्हाड आलंय, ते जाऊंदे, मग येतलंय. मग आपण दोघी बसान बोलूया.

त्यानंतर दोनच दिवस.

पुढचं मला विद्याने नंतर सांगितलं. दुपारी ती चादरींच्या खोलीत गेली तर तू जमिनीवर बसली होतीस. भिंतीला टेकून, मांडीवर अर्धी घडी घातलेली चादर. ती म्हणाली, "आग्नेसबाय बसलेली बघलंय आणि मी किंचाळलंय. ती कधी बसायचीच नाय." तुला उचलून गाडीत घातलं. मागच्या फाटकाने न्या असं कोणीतरी सांगितलं, पुढे वऱ्हाडाचे फोटो चालले होते. मागचा रस्ता लांबचा आणि खड्ड्यांचा. मालवणच्या डॉक्टरांनी ओरोसला न्यायला सांगितलं. ओरोसच्या वाटेवर, विद्याच्या मांडीवर डोकं असताना, तू गेलीस.

तो लांबचा रस्ता मी अजून उतरत असते, बाय. भात ढवळताना, पाहुण्यांच्या खोल्या झाडताना.

तुझ्या अंत्यविधीला रिसॉर्टवरून भलंमोठं फुलांचं चक्र आलं. सीझन होता म्हणून स्टाफला दोन खेपांमध्ये जायला परवानगी दिली होती. अर्ध्यांनी जाऊन तासाभरात परत यायचं, मग उरलेल्यांनी. पहिल्या खेपेची बस आली तेव्हा मी चर्चच्या दारात उभी होते. दोन्ही खेपांच्या पोरी एकदमच आल्या होत्या, ती इतकी भरलेली होती की दार उघडताच पोरी बाहेर सांडल्या. हाउसकीपिंगच्या, स्वयंपाकघरातल्या, बागेतल्या, माझ्या जागी रिसेप्शनवर आलेली ती उंच मुलगी. सगळ्या गणवेशात. त्या बोलत नव्हत्या एकमेकींशी, नुसत्या एकमेकींना धरून उभ्या होत्या. तासाभराने बसवाला हॉर्न वाजवायला लागला. कोणी हललं नाही. तुझ्यावर माती पडेपर्यंत, बेंजामिनभाऊंना हाताला धरून घरी पोचवेपर्यंत त्या तिथेच होत्या. त्या दिवशी वऱ्हाडाच्या खोल्या कोणी केल्या नाहीत. तुला ते मुळीच आवडलं नसतं.

विद्या माझ्यासमोर आली. मी तिच्याकडे दोन वर्षांत बघितलं नव्हतं. मी तिचे हात हातात घेतले. त्यांना फिनाइलचा वास येत होता. मग मला आवरलं नाही.

आठवड्याने साहेब तुझ्या घरी आले. मी तिथेच होते, रीनाला पेज करून देत होते. साहेब खुर्चीच्या कडेवर बसले. त्यांचे डोळे भरले होते आणि मला ते खोटे वाटले नाहीत, म्हणून जास्तच त्रास झाला. ते म्हणाले, आग्नेस आमच्या कुटुंबातली होती. रीनाला आम्ही आईच्या जागेवर घेऊ, नर्सपेक्षा चांगला पगार देऊ, उद्यापासून या.

रीनाने माझ्याकडे बघितलं, मग बापाकडे. मला बोलायचं होतं, खूप. पण ते घर माझं नव्हतं. बेंजामिनभाऊ कितीतरी वेळ श्वास गोळा करत राहिले. मग तुझा नवरा, जो मी कधी आवाज चढवताना ऐकला नाही, तो म्हणाला, "साहेब, माझ्या घरातला एक माणूस दिलंय तुमका. दुसरा देवचंय नाय."

साहेब उठले. दारात थांबून नमस्कार केला. तो कुणी घेतला नाही.

रीना काल मिसा झाल्यावर परत गेली. तुझ्या बहिणीने शेवटच्या वर्षाचा खर्च स्वतःकडे घेतलाय. बेंजामिनभाऊ एसटीने माझ्याकडे दुपारचे जेवायला येतात आणि दुसऱ्यांदा भात मागतात.

स्टँडवर मी रीनाला सोडायला गेले होते. तुझ्यासारखीच उभी राहते ती, एका पायावर भार टाकून. गाडी लागली, सामान चढवलं, आणि खिडकीतून वाकून तिने विचारलं, "सुरेखामावशी, तुमी आणि मम्मी एकमेकींशी बोलनास नव्हतास काय शेवटाक? लोक सांगतत."

मी तिला म्हटलं, "बोलतंव गो. आमचा भांडण चालू आसा अजून."